चौथं प्रकरण सुरूच होत नाही

पत्र : "मी ३६ वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. पीएचडीच्या नोंदणीला पाच वर्षं होत आली. विषय दूध उत्पादक शेतकऱ्यांचा खर्च आणि उत्पन्न. गावोगाव फिरून २४० प्रश्नावल्या भरून घेतल्या, ती माहिती एक्सेलमध्ये चढवूनही वर्ष झालं. पहिली तीन प्रकरणं कच्ची तयार आहेत, चौथ्याची एक ओळ नाही. रोज रात्री साडेनऊला मुलगा झोपला की लॅपटॉप उघडते. फॉन्ट बदलते, नवे लेख उतरवून ठेवते, मग मोबाइल हातात येतो आणि साडेअकरा वाजतात. गाइड सरांना सात महिन्यांत फोन केलेला नाही. त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं तरी पोटात गोळा येतो. मला रोजचं वेळापत्रक आखून द्या. दिवाळीच्या सुट्टीत रोज दहा तास बसून हे उरकता येईल का?"

ताई, वेळापत्रक खाली दिलं आहे, पण ते दुसऱ्या क्रमांकावर येतं. रोज साडेनऊ ते साडेअकरा तुम्ही लॅपटॉपसमोर बसताच आहात. आठवड्याचे सहा दिवस धरले तरी बारा तास होतात. म्हणजे वेळ निघतो आहे आणि त्या वेळात नेमकं हेच काम टळतं आहे. उन्हातान्हात २४० गोठ्यांपर्यंत जाऊन आलेल्या बाईला आळशी म्हणता येणार नाही, तेव्हा तो शब्द स्वतःला लावणं आजपासून बंद करा.

चौथ्याच प्रकरणापाशी गाडी का अडते, याला कारण आहे. प्रस्तावना, संदर्भ साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती या तिन्हींत दुसऱ्यांच्या म्हणण्याचा आधार असतो. माहितीच्या विश्लेषणात पहिल्यांदाच "मला असं दिसलं" असं स्वतः म्हणावं लागतं आणि ते चूक निघेल ही धास्ती असते. त्यात "चौथं प्रकरण लिहिणे" हे एक काम नव्हेच, पन्नास कामांचं ते एक नाव आहे. एवढं मोठं आणि धूसर काही समोर आलं की मन सुटका शोधतं. फॉन्ट बदलला की ती लगेच मिळते, शिवाय प्रबंधाचंच काहीतरी केल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी धास्ती तेवढीच राहते, वर कालच्या दिवसाची खंत चढते. सात महिन्यांत हा थर बराच जाड झाला आहे.

म्हणून सुरुवात सरांपासून करू. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. अपराधी वाटून घेतल्याने माणूस कामाला लागतो हा आपला समज खरा नाही. ज्या कामाने अपराधी वाटतं त्याच्या जवळ जायलाच तो टाळतो. तुमच्या मनातला बराचसा भार त्या न केलेल्या फोनचा आहे. फोन करायला धजवत नसेल तर आज संध्याकाळच्या आत हा निरोप पाठवा :

"सर, नमस्कार. गेले सात महिने मी संपर्क ठेवला नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. २४० प्रश्नावल्यांची माहिती संगणकात भरून झाली आहे. चौथ्या प्रकरणाचे पहिले पाच तक्ते स्पष्टीकरणासह तीन आठवड्यांत आणते. आपल्याला १५ मिनिटं कोणत्या दिवशी सोयीची होतील?"

एवढंच. मुलाचं आजारपण, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली, निवडणुकीची ड्युटी यातलं काही लिहू नका. कारणं खरी असली तरी त्यांच्यामुळे निरोप लांबतो, मग तो पुन्हा पुन्हा सुधारावासा वाटतो आणि रात्री मसुद्यातच राहून जातो. सर रागावतील ही भीती आहे, आणि कदाचित दोन शब्द बोलतीलही. पण त्यांच्या बाजूनेही पाहा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ एवढेच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. तुमचा प्रबंध अडला की त्यांची एक जागा अडते. तुम्ही तो पूर्ण करावा यात त्यांचंही हित आहे.

त्याच दिवशी नोंदणीचं पत्र फायलीतून काढून तारीख पाहा. यूजीसीच्या २०१६ आणि २०२२ च्या दोन्ही नियमावल्यांत पीएचडीची कमाल मुदत ६ वर्षं आहे आणि महिलांना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. मिळू शकते, आपोआप लागू होत नाही. मुदत संपण्याआधी गाइडच्या शिफारशीसह अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जाचा नमुना, शुल्क, बैठकांच्या तारखा विद्यापीठागणिक वेगळ्या असतात. २४० दिवसांपर्यंतच्या प्रसूती किंवा बालसंगोपन रजेचीही तरतूद आहे, घेतली असेल तर तिची नोंद झाली आहे का तेही तपासा. सहामाही प्रगती अहवाल राहिले असतील तर ते कसे नियमित करायचे हे विद्यापीठाच्या पीएचडी विभागात विचारून घ्या. या चौकशीला एक दुपार पुरते. ती झाली की डोक्यावर नेमकी किती दिवसांची टांगती तलवार आहे ते कळतं, आणि आकडा कळला की ती निम्मी हलकी होते.

आता प्रकरण फोडू. कोरा कागद घ्या, लॅपटॉप नको. प्रश्नावलीत समजा ३८ प्रश्न आहेत. प्रत्येकाचा एक साधा तक्ता आणि जनावरांची संख्या, जमीनधारणा, दूध कुठे घालतात अशा गोष्टींशी जोडलेले बारा दुहेरी तक्ते धरले तर पन्नास झाले. आता प्रत्येक तक्त्यापुढे लिहा, हा कुठल्या उद्दिष्टासाठी किंवा कुठल्या गृहीतकृत्यासाठी (तपासून पाहायच्या अंदाजासाठी) आहे. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो परिशिष्टात पाठवा. उत्तरदात्याच्या घरी टीव्ही आहे की नाही याचा तक्ता तुमच्या एकाही उद्दिष्टाला लागत नसेल तर त्याच्यावर एक संध्याकाळ घालवू नका. अशा छाटणीनंतर, धरून चालू, ३४ तक्ते उरतील. हा कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. आता तुमच्यापुढे ३४ ओळी आहेत, त्यातली एक पूर्ण झाली की पेनाने खोडायची.

पुढचं काम आकड्यांचं. सगळे तक्ते एकदमच काढून घ्या. एक्सेलमध्ये पिव्हट टेबलने, म्हणजे माहितीचे आपोआप तक्ते करणाऱ्या सोयीने, ३४ तक्ते दोन रविवारच्या सकाळी निघतात. हिशेब आणि लिखाण एका बैठकीत मिसळलं की हमखास घोटाळा होतो. वाक्य अर्धं लिहून झालेलं असतं, मध्येच बेरीज २४० ऐवजी २३७ दिसते, तीन प्रश्नावल्या कुठे गेल्या ते शोधताना तास जातो. दोन गोष्टींचा संबंध तपासणारी काय-स्क्वेअर चाचणी लावायची असेल तर त्याच रविवारी पाहा की अपेक्षित वारंवारता (संबंध नसता तर आला असता तो आकडा) ५ पेक्षा कमी असलेली तक्त्यातली घरं किती आहेत. ती एकूण घरांच्या २० टक्क्यांहून जास्त असतील तर शेजारचे गट एकत्र करा, म्हणजे "सहा ते दहा" आणि "दहाहून अधिक" यांचा "सहा व अधिक" असा एक गट होतो. हा निर्णय लिखाणाच्या मध्ये उपटला की लोक आठवडाभर थांबतात.

एका बैठकीत एक तक्ता. प्रत्येक तक्त्याखाली चार वाक्यं लागतात : तक्ता काय दाखवतो, सर्वांत मोठा आणि लहान आकडा कोणता, असं का असावं, आणि हे कुठल्या उद्दिष्टाशी जोडलं जातं. नमुन्यादाखल आकडे घेऊन एक लिहून दाखवतो :

"तक्ता क्र. ४.६ मध्ये उत्तरदात्यांचे दुभत्या जनावरांच्या संख्येनुसार वर्गीकरण दिले आहे. एकूण २४० पैकी १०२ (४२.५ टक्के) उत्तरदात्यांकडे ३ ते ५ जनावरे असून ९६ (४० टक्के) उत्तरदात्यांकडे १ किंवा २ जनावरे आहेत, तर ६ किंवा अधिक जनावरे असणारे ४२ (१७.५ टक्के) आहेत. मोठ्या गोठ्यांचे प्रमाण कमी असण्यामागे विकतच्या चाऱ्याचा खर्च आणि घरातील मनुष्यबळाची मर्यादा ही कारणे मुलाखतींमध्ये पुढे आली. पहिल्या उद्दिष्टातील प्रतिलिटर खर्चाची तुलना पुढे याच तीन गटांनुसार केली आहे."

झालं. हीच भाषा, हाच साचा. नव्या तक्त्याला सुचत नसेल तर मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरचा माइक दाबून तक्ता बोलून दाखवा, जसा वर्गात फळ्याशी उभं राहून समजावता तसा. बारा-पंधरा वर्षं शिकवणाऱ्या माणसाला लिहिताना जे सुचत नाही ते बोलताना सुचतं. आलेला मजकूर ओबडधोबड असेल, तो नीट करायला दहा मिनिटं लागतात.

आता वेळ. रात्री साडेनऊची बैठक बंद करा. दिवसभराचे तास, घर, मुलाचा अभ्यास यांनंतर उरलेल्या डोक्याने वाचन होईल, कठीण लिखाण होणार नाही. ती वेळ झोपेला द्या. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापनाचे असतात, म्हणजे वेळापत्रकात मोकळ्या तासिका आहेत. त्यातल्या दोन, समजा मंगळवार आणि गुरुवारची, यासाठी राखा. त्या स्टाफरूममध्ये काढू नका, तिथे कुणीतरी चहाला बोलावणारच. ग्रंथालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसा आणि मोबाइल विभागाच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. पालथा घालून टेबलावर ठेवला तर लक्ष त्याच्याकडेच राहतं. उरलेल्या दोन बैठका शनिवार-रविवारी सकाळी, घर जागं होण्याआधी. आठवड्याला चार, प्रत्येकी ५० मिनिटांच्या. रोज बसण्याचा संकल्प करू नका. तो तिसऱ्या दिवशी मोडतो आणि मोडला की सगळंच सोडून दिलं जातं.

बैठक ठरवताना "गुरुवारी लिहीन" असं लिहू नका. असं लिहा : "गुरुवारी तिसरी तासिका संपली की वर्गातून थेट ग्रंथालयात जाईन आणि तक्ता ४.७ उघडेन." हा शब्दांचा खेळ वाटेल, पण याचा परिणाम मोजला गेला आहे. जर्मनीत मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर आणि त्यांच्या सहकारी यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या संध्याकाळवर एक अहवाल ४८ तासांत लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच नेमून ठेवलं होतं त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो पाठवला. ज्यांनी नेमलं नव्हतं त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश जणांनीच. जागा आणि वेळ आधी ठरली असली की ऐनवेळी स्वतःशी वाद घालावा लागत नाही.

५० मिनिटांच्या आत काय काय बिघडतं, ते इथे सविस्तर सांगायला हवं, कारण खरी गळती तिथेच आहे. पहिली चूक म्हणजे कालचं लिहिलेलं वाचायला घेणं. वाचलं की दुरुस्त करावंसं वाटतं आणि तासिका संपते. त्यावर उपाय चिठ्ठी. बैठक संपायला तीन मिनिटं उरली की चालू वाक्य मुद्दाम अर्धं सोडा आणि एका चिठ्ठीवर लिहा : "पुढे – तक्ता ४.७, तिसऱ्या स्तंभाची बेरीज पाहणे, मग 'सहा व अधिक जनावरे असणाऱ्यांकडे…' इथून." ती लॅपटॉपच्या झाकणाला आतून लावा. पुढच्या वेळी झाकण उघडलं की पहिलं काम समोर. दुसरी चूक, लिहिता लिहिता संदर्भ शोधायला इंटरनेटवर जाणं. जिथे संदर्भ हवा तिथे नुसतं "संदर्भ??" असं लाल अक्षरात टाका आणि पुढे चला. हे सगळे लाल शब्द महिन्यातून एकदा, एका बैठकीत भरायचे. नवे लेख उतरवणं तर आता बंदच. दुसऱ्या प्रकरणाला लागणारे तुमच्याजवळ आहेत.

आणि फॉन्ट. लिखाण सरळ युनिकोडमध्ये, एकाच फॉन्टात, एकाच आकारात करा. टंकलेखन करून देणाऱ्याला शेवटी जुना फॉन्ट हवा असेल तर ते रूपांतर त्याने करायचं. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून नंतरचं मुद्रितशोधन तुमच्याकडे येईल, पण ते एकदाच. फायलीचं नाव "प्रकरण ४" आणि पुढे तारीख, बस. प्रत्येक बैठकीनंतर ती स्वतःला ईमेल करा.

आपल्याच छापलेल्या शोधनिबंधांतले परिच्छेद जसेच्या तसे इथे चिकटवण्याचा मोह होईल. सरांना आधी विचारा. वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार आधीच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के निघाल्यास मजकूर दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो. शेवटच्या महिन्यात ते निस्तरणं फार जड जातं.

मुदतीचा हिशेब असा. ३४ तक्ते, आठवड्याला चार, म्हणजे साडेआठ आठवडे. सरांना साडेआठ आठवडे सांगू नका. कॅनडातल्या संशोधकांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत होईल असं विचारलं होतं. हा अभ्यास १९९४ चा. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळं बिघडलं तर किती लागतील, याचं उत्तरही त्यांनी सरासरी ४८.६ दिवस दिलं होतं आणि तेही कमी पडलं. म्हणजे आपल्या अंदाजाला साधारण १.६ ने गुणायचं. साडेआठाचे जवळजवळ चौदा आठवडे होतात. सरांना चौदा सांगा. यात कॅपचे (विद्यापीठाच्या केंद्रीय पेपर तपासणीचे) दिवस, पाहुणे, ताप, वीज जाणं, सगळं धरलेलं आहे. पेपर तपासणीच्या आठवड्यात चार बैठका जमणारच नाहीत, तेव्हा एकच दहा मिनिटांची करा : फाइल उघडायची, एक वाक्य लिहायचं, चिठ्ठी बदलायची. सलग तीन आठवडे फाइल बंद राहिली की ती पुन्हा उघडायला तोच जुना गोळा पोटात येतो, म्हणून ही दहा मिनिटं.

बैठकीच्या तासिकेत कुणी काम घेऊन आलं, आणि येतीलच, तर नाही म्हणायची गरज नाही. "ही तासिका संपली की साडेबाराला करते" एवढं म्हणा. नॅकची फाइल पन्नास मिनिटं थांबू शकते. घरीही शनिवार-रविवारच्या त्या दोन सकाळी आधी सांगून ठेवा आणि त्या वेळी दूध कोण तापवणार, मुलगा उठला तर त्याच्याजवळ कोण जाणार, हे नावासकट ठरवा. "थोडी मदत करा" या वाक्याने कुणी उठत नाही.

पत्रात तुम्ही झोपेबद्दल लिहिलेलं नाही, तरी विचारतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नीट लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर ते वेळापत्रकाने सुटणारं दुखणं नाही. डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

आणि दिवाळी. रोज दहा तास बसून नाही उरकणार. सुट्टीचे पहिले चार दिवस फराळात आणि पाहुण्यांत जातात, पाचव्या दिवशी "आता राहिले किती" ही टोचणी लागते, आणि तोपर्यंतचे आठवडे "सुट्टीत करूच" म्हणून रिकामे गेलेले असतात. सुट्टीतही आठवड्याला चारच बैठका ठेवा. वेळ जास्त मिळाला तर त्यात ते लाल "संदर्भ??" भरा, किंवा शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या संकेतस्थळावर तुमच्याच विद्यापीठातला अलीकडचा अर्थशास्त्राचा एक प्रबंध उघडून त्यातल्या तक्त्यांची मांडणी, क्रमांक आणि तळटीपा तुमच्याशी ताडून पाहा. एकच प्रबंध, अर्धा तास. आधी मात्र सरांना निरोप, आणि या आठवड्यात ३४ ओळींचा तो कागद.